जर्मन पाहुण्यांची खोली

श्याम गद्रे दोह्यात नव्यानं आलेल्या कुठल्याही मराठी माणसाला पहिल्याच भेटीत सांगायचा, की तो आला तेव्हा इथे काहीही नव्हतं. ‘नुसती वाळू होती हो,’ असं म्हणून तो खिडकीबाहेर हात फिरवायचा. अल अझीझियातल्या त्याच्या फ्लॅटमधून स्टेडियमची कमान दिसायची, मशालीच्या आकाराचा उंच टॉवर दिसायचा, आणि हात असा ऐटीत फिरायचा की समोरच्याला वाटावं, हे सगळं गद्रे साहेबांनीच सुट्टीच्या दिवशी उभं केलं. ते स्टेडियम त्याच्या येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होतं, हे तो सांगत नसे. तो एका गॅस कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होता. इतरांनी कामं कधी संपवावीत याचे तक्ते तो एसीत बसून करायचा, आणि कामं रखडली की उन्हातल्या माणसांना आळशी म्हणायचा.

त्याची बायको मालविका ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागातल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायची. दोघं नाशिकची. मुलगा शौनक कॉलेजसाठी पुण्याला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली. पहिल्याच महिन्यात श्यामने ती भाड्यानं दिली. त्याच्या बोलण्यात मात्र ‘भाडं’ हा शब्द कधी आला नाही. ‘लातूरकडचं एक जोडपं आहे, गरीब बिचारं. म्हटलं, राहू दे आपल्याकडे,’ असं तो मराठी मंडळात सांगायचा आणि लोक त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करायचे.

ते गरीब बिचारं जोडपं म्हणजे बबीता आणि सचिन. बबीता एका खासगी क्लिनिकमध्ये नर्स होती. सचिन बस चालवायचा, आणि फुटबॉल वर्ल्ड कपच्या प्रेक्षकांना ने-आण करण्यासाठी ज्या नव्या बसेस आल्या होत्या, त्यांच्यावर त्याचं ट्रेनिंग सुरू होतं. दोघं भाडं वेळेवर देत. वर गद्र्यांच्या गाडीचं टायर बदलणं, श्यामच्या पाठीला मलम चोळून देणं, रक्तदाब बघणं हे सगळं फुकट व्हायचं. श्यामला ते हक्काचं वाटायचं.

मालविकाचं आणि बबीताचं जमलं ते स्वयंपाकघरात. दोघींना दुपारी वेळ असे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं नळाचं पाणी इतकं तापायचं की हात घालवत नसे. बबीतानं आल्या आल्या गीझर बंद करून ठेवला, कारण एसीच्या गारव्यात त्याच्या टाकीतलं पाणी निवायचं आणि घरात गार पाणी मिळण्याची तेवढी एकच जागा होती. इतकी वर्षं राहून आपल्याला हे कसं सुचलं नाही, याचं मालविकाला हसू आलं. त्या दिवसापासून दोघी मेथी निवडताना, चहा घेताना तासन्‌तास बोलायच्या. बबीताला दिवस गेलेत हे सचिनच्या आधी मालविकाला कळलं.

वर्ल्ड कप जवळ आला तशी दोह्यातल्या लोकांच्या बोलण्यात एकच गोष्ट उरली. हॉटेलं पुरणार नाहीत, लाखो लोक येणार, आणि रहिवाशांना नाव नोंदवून घरात पाहुणे ठेवता येतील. कितीतरी घरमालकांनी भाडेकरूंना बाहेर काढायला सुरुवात केली. मराठी मंडळानं याचा विचार करायला अल रय्यानमध्ये चैत्रालीच्या विलात बैठक बोलावली. चैत्राली मंडळाची सेक्रेटरी. तिनं एका ‘आतिथ्य समिती’ची घोषणा केली आणि जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग कोणी कोणत्या देशाचे पाहुणे ठेवायचे यावर चर्चा झाली. ती ऐकताना मालविकाला आपण लग्नाच्या बैठकीत बसलोय असं वाटलं. चैत्रालीला फ्रेंच हवे होते, कारण फ्रेंच लोक खाण्यातले दर्दी असतात आणि तिच्या मोदकांना न्याय देतील. एका गृहस्थांना ब्राझीलचे हवे होते, पण त्यांच्या बायकोनं नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी स्वित्झर्लंडवर समाधान मानलं. सेनेगल, घाना, कॅमेरून याही देशांचे संघ येणार आहेत हे त्या हॉलमध्ये कोणाच्या कानावर गेलेलं दिसत नव्हतं.

‘मी जर्मन घेणार,’ श्याम म्हणाला. ‘जर्मन माणूस म्हणजे डिसिप्लिन. त्यांची पहिली मॅच आमच्या खिडकीसमोर आहे. चालत जातील.’

‘पण तुमच्याकडे ते जोडपं आहे ना?’ कोणीतरी विचारलं.

‘ते होईल मॅनेज,’ श्याम म्हणाला आणि बटाटेवडा उचलला.

मालविकाला ही पहिली खबर. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, ‘काय मॅनेज होणार आहे?’

‘त्यांना सांगू दुसरीकडे बघा म्हणून. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे.’

‘श्याम, तिला सातवा महिना लागलाय.’

‘म्हणूनच आत्ता सांगतोय. नवव्यात सांगितलं असतं तर तू मला राक्षस म्हणाली असतीस.’ आपण किती विचारी आहोत या समाधानात तो गाडी चालवत राहिला. ‘आणि हे बघ, यात इमोशनल होऊ नकोस. अख्खं दोहा हेच करतंय. हा बिझनेस डिसिजन आहे.’

‘बिझनेस? तू तर लोकांना सांगतोस, उपकार म्हणून ठेवलंय.’

‘खलास, मालविका. विषय संपला.’

त्यानं दुसऱ्याच दिवशी बबीताला हॉलमध्ये बोलावलं. खुर्चीवर बस असं म्हणायचं त्याच्या लक्षात आलं नाही. ती पोटावर हात ठेवून उभी राहिली आणि श्यामनं तिला कतारची प्रतिष्ठा, जगाचे डोळे आणि आपलं कर्तव्य यावर भाषण दिलं. भाषणाच्या शेवटी महिनाअखेरीस खोली रिकामी करायची, एवढाच मुद्दा होता.

‘सर, बाळंतपण होईपर्यंत थांबता नाही येणार?’ बबीतानं विचारलं.

‘अगं, बाळ झाल्यावर तुम्हालाच मोठी जागा लागेल. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय.’

बबीता मान हलवून खोलीत गेली. मालविका दारात उभी राहून ऐकत होती. नवऱ्याला काही बोलावं असं तिला त्या क्षणी वाटलंच नाही. बोलायला समोर कोणीतरी असावं लागतं. तिनं गाडीची किल्ली उचलली, बबीताच्या खोलीचं दार वाजवलं आणि म्हणाली, ‘चल, जागा बघू.’

पुढचे कितीतरी दिवस शाळा सुटली की मालविका बबीताला घेऊन फिरली. सचिन ड्युटीवर असायचा, त्याला सुट्टी मिळत नव्हती. वर्ल्ड कपसाठी बस चालवायला शिकणाऱ्या माणसाला वर्ल्ड कपमुळे राहायला जागा नाही, यावर तो स्वतःच एकदा हसला होता. मालविकानं पाहिलेल्या खोल्यांत एक जिन्याखालची होती, तिला खिडकी नव्हती. एका विलाचे लाकडी फळ्या ठोकून इतके तुकडे केले होते, की शेजारच्याची शिंक अंगावर उडावी. ज्या जागा बऱ्या होत्या तिथे सगळीकडे एकच उत्तर मिळालं. वर्ल्ड कप झाल्यावर या. एका दलालानं बबीताच्या पोटाकडे बघून मालविकाला हिंदीत विचारलं, ‘मॅडम, ये कब तक है?’ जणू पोट भाड्यानं घेतलंय आणि मुदत संपली की परत करायचंय.

मालविका शेवटी चैत्रालीकडे गेली. चैत्रालीच्या विलात वरच्या मजल्यावर दोन खोल्या वर्षानुवर्षं बंद होत्या. एकीत फक्त गणपतीच्या सजावटीचं थर्माकोल ठेवलेलं असे.

‘अगं, मी आनंदानं दिली असती,’ चैत्राली म्हणाली. ‘पण फ्रेंच फॅमिली बघ, त्यांचं ऑलमोस्ट कन्फर्म आहे. आणि बाळाचं रडणं, बाळंतिणीचा शेक, धुरी, तो वास. बाहेरच्या लोकांवर काय इम्प्रेशन पडेल?’

‘कशाचं इम्प्रेशन?’

‘आपलं. मराठी माणसाचं.’

मालविका पाणी न पिता उठली. चैत्राली दारापर्यंत आली आणि म्हणाली, ‘बबीताला सांग, काही लागलं तर नक्की कळव.’

जागा मिळाली ती ठरवून नाही. मालविका ब्लाउज आणायला नफिसाकडे गेली होती. नफिसा चिपळूणकडची, वय साठीच्या पुढे. ओल्ड एअरपोर्टला, मालविकाच्या शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहायची आणि मंडळातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवायची. मंडळाच्या कार्यक्रमाला मात्र तिला कोणी कधी बोलावलं नव्हतं. मालविकाचा चेहरा बघून तिनं विचारलं, काय झालं. मालविकानं सांगितलं.

‘मग इथं आण तिला,’ नफिसा टेप गळ्यात टाकत म्हणाली. ‘माझा लेक कॅनडाला गेला तसा त्याचा पलंग रिकामाच पडलाय. कापडाची गाठोडी आहेत, ती काढू.’

‘बाळ होणार आहे नफिसाताई. रात्री रडेल.’

‘रडू दे की. मशीनचा आवाज ऐकून माझे कान कधीच गेलेत.’

बबीता आणि सचिन शुक्रवारी सकाळी गेले. सामान एका खेपेत मावलं. श्याम लिफ्टपर्यंत आला, सचिनच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, ‘टच में रहना.’ मराठी माणसाशी हिंदीत का बोलला, हे त्याचं त्यालाच माहीत.

मग खोली सजली. श्यामनं पांढऱ्या चादरी आणल्या, पडदे बदलले, भिंतीवर उंटाचं चित्र लावलं. जर्मन लोक नाश्त्याला काय खातात याचे व्हिडिओ तो रोज रात्रीच्या जेवणासमोर लावायचा. ‘गुटन मॉर्गन’ तो बाथरूममध्ये म्हणून बघायचा. हॅनोवरच्या दोन निवृत्त भावांनी खोली नक्की केली तेव्हा त्यानं मंडळाच्या ग्रुपवर त्यांचे फोटो टाकले. त्या फोटोंना जितके अंगठे आले तितके शौनक दहावीला पहिला आला तेव्हा आले नव्हते. हॅनोवरला आपलं कोणीतरी आहे असं तो बोलायला लागला.

मालविका शाळेतून थेट नफिसाकडे जायला लागली आणि घरी उशिरा यायला लागली. सचिननं गावाहून आईला बोलावून घेतलं होतं. केसरबाई कधी तालुक्याच्या बाहेर गेलेल्या नव्हत्या. विमानातून उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते, इथली माणसं बाहेर का दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर जाऊन आल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना मालविका आवडली. मालविका त्यांच्यासमोर बसायची आणि त्या विचारतील ते सगळं सांगायची. नवऱ्याचं, जर्मनांचं, चैत्रालीच्या बंद खोल्यांचं. केसरबाई वाती वळत ऐकायच्या.

ऑक्टोबरात बबीताला मुलगी झाली. त्याच आठवड्यात हॅनोवरच्या भावांचा निरोप आला. त्यांनी दुबईत जागा घेतली होती. मॅचच्या दिवशी विमानानं येऊन संध्याकाळी परत जाणार होते. तिथे संध्याकाळी बिअर निवांत मिळते, असंही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. श्यामनं निरोप तीनदा वाचला. मग त्यानं दुसरे पाहुणे शोधले, पण तोवर शहरात खोल्याच खोल्या झाल्या होत्या. पाहुण्यांना राहायला समुद्रात मोठी जहाजं येणार होती, वाळूत केबिनी उभ्या राहिल्या होत्या. जे भाडेकरू हाकलले ते गेले, आणि ज्यांच्यासाठी हाकलले ते येईनात. चैत्रालीची फ्रेंच फॅमिलीसुद्धा ऑलमोस्टच राहिली.

मग एके दिवशी चहा घेताना श्याम म्हणाला, ‘बबीताला विचार ना, परत येतात का. आपलीच माणसं आहेत.’

मालविकानं कप खाली ठेवला. ‘तूच विचार. शुक्रवारी मुलीचं बारसं आहे. चल माझ्याबरोबर.’

‘मला बोलावलंय?’

‘मी बोलावतेय.’

श्यामला हे आवडलं. शुक्रवारी त्यानं झब्बा घातला, पेढे घेतले, आणि नफिसाच्या छोट्या हॉलमध्ये शिरताना तो उद्घाटनाला आल्यासारखा हसला. शिलाईची मशिनं भिंतीला सरकवून मधे पाळणा टांगला होता. क्लिनिकमधल्या चार मल्याळी नर्सेस आल्या होत्या, सचिनबरोबरचे दोन ड्रायव्हर होते, नफिसानं शीरकुर्मा केला होता. मुलीचं नाव मुक्ता ठेवलं. केसरबाईंनी घुगऱ्या वाटल्या.

श्यामनं योग्य वेळ आली असं ठरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘बबीता, एक गुड न्यूज आणलीय. तुमची खोली मोकळी आहे. नवीन गादी, नवीन पडदे. भाडं तेच ठेवू. कधी शिफ्ट होताय बोला.’

सचिननं जमिनीकडे पाहिलं. बबीता मुलीचं टोपरं नीट करत राहिली.

‘हे कोन म्हनायचं?’ केसरबाईंनी विचारलं.

‘आई, हे गद्रे सर,’ सचिन म्हणाला. ‘आपण आधी यांच्याकडंच राहायचो.’

‘मंजी जर्मनवाले सायेब.’

स्वयंपाकघरात कोणीतरी हसलं आणि खोकून लपवलं. श्यामच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या आत आता काही नव्हतं.

‘मावशी, तुम्हाला कोणीतरी चुकीचं सांगितलंय. तसं नव्हतं ते.’

‘मग कसं व्हतं? सांगा की. लेकरू निजलंय. म्या मोकळीच हाय.’

त्या खरंच त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. श्यामनं सुरुवात केली. मार्केट कसं बदललं, सगळ्यांनाच करावं लागलं, देशाची इमेज, जागतिक इव्हेंट. वाक्यावाक्याला त्याच्या बोलण्यात इंग्रजी वाढत गेलं. केसरबाई मधे एकदाही बोलल्या नाहीत. तो थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘आले का मग ते?’

‘कोण?’

‘तुमचे जर्मन.’

‘नाही. त्यांचं कॅन्सल झालं.’

‘म्हनून आलाव व्हय,’ केसरबाई म्हणाल्या आणि घुगऱ्यांची वाटी त्याच्या हातात दिली. ‘खावा. गरम हायती.’

मग बबीता म्हणाली, ‘सर, आम्ही इथंच राहतो. मला इथं बरं वाटतं.’ आवाजात राग नव्हता. दवाखान्यात पेशंटला पुढची तारीख सांगावी तसं तिनं सांगितलं आणि मुलीला घेऊन आत गेली.

श्यामनं घुगऱ्या संपवल्या, कारण वाटी कुठे ठेवायची ते त्याला कळेना.

परतताना मालविका गाडी चालवत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बत्तीस देशांचे झेंडे लागले होते. श्याम म्हणाला, ‘त्या म्हातारीचे कान कोणीतरी भरलेत.’

‘मी भरलेत.’

तो वळून बघायला लागला. ‘तू?’

‘एकही गोष्ट वाढवून सांगितली नाही. गरज पडली नाही.’

‘चार लोकांत माझी काय शोभा झाली कळतंय का तुला? ड्रायव्हर लोक होते तिथे.’

‘कळतंय. म्हणूनच तुला घेऊन गेले.’

सिग्नल हिरवा झाला. श्यामला बरंच काही बोलायचं होतं, पण मालविका आरशात बघून शांतपणे लेन बदलत होती, आणि जिच्यावर ओरडायचं ती आपल्याला घरी सोडतेय ही अडचण त्याच्या लक्षात आली. तो बाहेर बघत बसला. घरी आल्यावर त्यानं तिला कृतघ्न म्हटलं, मग त्या लोकांना कृतघ्न म्हटलं, मग झोपला. पुढचे काही दिवस तो तिच्याशी बोलला नाही. मालविकाला घर इतकं मोठं आणि हवेशीर कधी वाटलं नव्हतं.

मंडळात त्यानं सांगितलं, की सिक्युरिटीच्या कारणानं त्यानं स्वतःच पाहुण्यांना नाही म्हटलं. चैत्रालीनंही तेच सांगितलं होतं. दोघांनी एकमेकांचं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे माना हलवल्या. आतिथ्य समितीची पुढची बैठक झाली नाही.

जर्मनीची जपानशी मॅच झाली त्या दिवशी शाळांना सुट्टी होती. तिकीट श्यामला मिळालं नव्हतं. तो जर्मनीचा टी-शर्ट घालून एकटाच टीव्हीसमोर बसला. टीव्हीवर चित्र थोडं उशिरा यायचं आणि स्टेडियम खिडकीसमोरच होतं, त्यामुळे प्रत्येक गोलाची आरोळी त्याला आधी ऐकू यायची आणि गोल मागून दिसायचा. जपानच्या दुसऱ्या गोलाची आरोळी आली तेव्हा त्यानं टीव्हीवर जर्मन खेळाडूंना चेंडू घेऊन पुढे जाताना पाहिलं, आणि काय होणार आहे हे माहीत असूनही ‘कमॉन’ म्हणाला.

मालविका तेव्हा नफिसाकडे होती. सचिन सकाळपासून बसवर होता. बबीता झोपली होती. केसरबाई पोरीला पायांवर घेऊन तेल लावत होत्या, नफिसा एक बाही उसवत होती, आणि मालविका काहीच करत नव्हती.

फोन वाजला. ‘हरले,’ श्याम म्हणाला. मग विचारलं, ‘तू कधी येणार आहेस? जेवायला काय आहे?’

‘फ्रिजमध्ये डाळ आहे. कुबूसच्या रोट्या गरम करून घे.’

‘मी?’

‘दुसरं कोण आहे घरात?’ मालविका म्हणाली, फोन ठेवला आणि पोरीला पुसायला टॉवेल पुढे केला.